पाहुणी

सासऱ्यांनी तक्ता घडाघडा वाचून दाखवला, वरच्या ठसठशीत अक्षरापासून खालच्या मुंगीएवढ्या ओळीपर्यंत, पण ते वाचत होते तो तक्ता भिंतीवर नव्हताच. जुना तक्ता मी त्याच सकाळी काढून ठेवला होता. त्याच्या कडा पिवळ्या पडल्या होत्या, एका अक्षराला कुणा लहान मुलाने पेन्सिलीने मिशा काढल्या होत्या, आणि कंपनीने सगळ्या दुकानांना नवे तक्ते पाठवले होते, अक्षरं तीच पण जागा बदललेली. चष्म्यांच्या दुकानाच्या मागच्या अंगाला आमची डोळे तपासायची खोली आहे. तिला खिडकी नाही. एक खुर्ची, एक आरसा, मागून दिवा लावलेला तक्ता, आणि दार ओढून घेतलं की समोरच्याचा श्वास ऐकू यावा इतकी शांतता. नाकावर ती जड फ्रेम चढली की माणूस एकदम गरीब होतो. मोठमोठे साहेबसुद्धा 'हे दिसतंय का' म्हटलं की बाकावर उभं केल्यासारखे चाचरतात. सासरे कधी चाचरले नाहीत. दरवर्षी पानगळ सुरू झाली की ते येतात, टोपी गुडघ्यावर ठेवतात, तक्ता वाचतात, आणि मी घरी जाऊन सांगते की बाबांची नजर म्हणजे घारीची नजर. या वेळी मी फ्रेममध्ये नुसती साधी, बिननंबरी काच घातली आणि विचारलं, आता कसं? ते म्हणाले, आता तर फारच स्पष्ट. मी काच काढून हातात धरली आणि रुमालाने उगीच पुसत राहिले.

"बाबा, तक्ता बदललाय," मी शेवटी म्हणाले.

"कधी?"

"आज सकाळी."

"मग सांगायचं नाही का," ते म्हणाले. घरातल्या कुणी न विचारता कपाट हलवावं आणि आपला गुडघा आपटावा, तसा त्यांचा सूर होता.

मग त्यांनी सांगितलं, तेही कुणा त्रासदायक भाडेकरूबद्दल बोलावं तसं, फारसं मनावर न घेता. मधोमध राख सांडल्यासारखं झालंय. कडेचं सगळं दिसतं, चालायला अडचण नाही, पायऱ्या दिसतात, दारातून कोण आलं ते दिसतं. पण ज्याच्याकडे नीट बघावं ते नाहीसं होतं. मोठ्या डॉक्टरांकडे ते परस्पर जाऊन आले होते. गेलेलं परत येणार नाही, आहे ते सांभाळा, असं डॉक्टर म्हणाले. त्यालाही आता बरीच वर्षं झाली. माझा तक्ता त्यांनी डोळे चांगले होते तेव्हाच पाठ केला होता, वाट बघत बसायचा कंटाळा येतो म्हणून. हे सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते, माझ्या कानाच्या बाजूला भिंतीकडे बघत होते, आणि मला उशिरा कळलं की तेच त्यांचं माझ्याकडे बघणं आहे. उठताना त्यांनी माझा हात धरला. "घरात बोलू नकोस. पोरांचा हिरमोड होईल." मी हो म्हटलं. वडिलांची नजर गेली तर मुलांना दुःख होईल, धक्का बसेल, हिरमोड कसा होईल, हे माझ्या मनात आलं; पण त्या वेळी मी ते बाजूला सारलं. माझ्या डोक्यात रविवार होता.

आमच्या घरात पानगळीतला एक रविवार अळंब्यांचा असतो. शनिवारी सासरे रानात जातात, टोपली भरून आणतात, आणि रविवारी दुपारी सगळे दिरांकडे, म्हणजे सासरे राहतात त्याच घरी, जमून खातात, लोण्यात कांदा परतून, वर भरपूर मिरी, सोबत भाजलेला पाव. ज्या अळंब्या खायच्या त्यांना सासरे 'घरच्या' म्हणतात. आणि एक जात आहे, दिसायला अगदी घरच्यांसारखी, तोच रंग, तोच टोपीचा घेर, फक्त अंगावर किंचित हिरवट झाक आणि देठाच्या बुडाशी पातळ पिशवी. तिला ते 'पाहुणी' म्हणतात. पाहुणी गुपचूप घरच्यांत येऊन बसते आणि मग उठायचं नाव घेत नाही. चवीला ती वाईट नसते म्हणे, उलट गोडच. खाणारा हात पुसून उठतो, हसतो, खेळतो, झोपतो, आणि दुसऱ्या दिवशी कधीतरी त्याच्या पोटात कळ येते तेव्हा वेळ टळलेली असते. मी नव्यानेच या घरात आले होते तेव्हा सासऱ्यांनी हे जेवणाच्या टेबलावर रंगवून सांगितलं होतं, आणि सगळे माझ्याकडे बघून हसत होते. माझा घास घशाशी अडकला होता. तो घास पावाचा होता हे वेगळं.

कारण या घरात एकाने खायचं नसतं. त्या एका माणसाला 'उपाशी' म्हणतात. उपाशीने टेबलावर सगळ्यांबरोबर बसायचं, पाव खायचा, पण अळंबीला हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत सगळ्यांवर लक्ष ठेवायचं, म्हणजे काही झालंच तर दवाखाना गाठायला एक तरी माणूस धडधाकट असेल. माझ्या आधी सासूबाई उपाशी होत्या. माझ्या लग्नाच्या थोडं आधी त्या गेल्या आणि मी येताच ते पद माझ्याकडे आलं, जसं एखाद्याकडे किल्ल्यांचा जुडगा यावा, फक्त माझ्या जुडग्याला कुलूप नव्हतं. मला कुणी विचारलं नाही. जाऊबाई मोठ्या, त्या स्वयंपाक करणार, मुलगे तर बोलूनचालून मुलगे, उरले मी. शिवाय मी डोळ्यांच्या दुकानात असते, म्हणजे मला वैद्यकीतलं कळतं, असं दिरांनी ठरवून टाकलं. दिसायला हा मान होता. पण आपल्याला मान दिला जातोय की बाहेर ठेवलं जातंय, हे माणसाला टेबलावर बसल्यावर बरोबर कळतं. मी इतकी वर्षं समोर बसून त्यांना चाटूनपुसून खाताना बघितलं आहे. चव कशी असते हे मी नवऱ्याला विचारलं की तो म्हणायचा, सांगता येत नाही, रानाची लागते. मी मनातल्या मनात ती चव तयार केली होती. ओली माती, भिजलेलं लाकूड, थोडा अक्रोड, आणि आणखी काहीतरी ज्याला माझ्याकडे शब्द नव्हता. पुष्कळदा तर मला वाटे की त्या घरातला खरा घास मीच घेते, कारण माझा कधी संपत नाही.

आणि सोमवार. सोमवारी मी दरवर्षी रजा घेते. दुकानात सांगते की घरी पूजा आहे, लग्न आहे, काहीही. फोनपाशी बसते. नवरा कामावरून दर थोड्या वेळाने फोन करतो आणि हॅलोऐवजी म्हणतो, जिवंत आहे. दीर बसच्या शेवटच्या स्टॉपवरून फोन करून म्हणतात, अजून तरी बस मीच चालवतोय. थट्टा करतात सगळे. मी हसते, फोन ठेवते, आणि पुढच्या फोनपर्यंत घड्याळ बघत राहते. भीतीची सवय होते असं म्हणतात, पण ती दरवर्षी नवी पालवी घेऊन येते. उपाशीचा सोमवार म्हणजे काय ते उपाशीलाच ठाऊक. आणि या वर्षी आमच्या लेकीला दहावं लागलं होतं. दहावं लागलं की मुलाच्या ताटात पहिल्यांदा अळंबी पडते. गेले कित्येक दिवस ती शाळेत सगळ्यांना सांगत होती की रविवारी मी मरू शकते, आणि तिच्या मैत्रिणींना तिचा हेवा वाटत होता.

त्या संध्याकाळी मी नवऱ्याला सांगायचं ठरवलं. सासऱ्यांना दिलेला शब्द मोडणार नव्हते, फक्त म्हणणार होते की बाबांचं वय झालं, या वर्षी राहू दे. माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर तो लोकांना खोक्यांतून बाहेर काढतो आणि घरी आला की हात धुताना त्या खोक्यांच्या गोष्टी सांगतो; कोण रडलं, कुणी दारावर लाथा मारल्या, कोण आत बसून शांतपणे डबा खात होतं. मी म्हटलं, या वर्षी लेकीला नको देऊया. तो साबण चोळत राहिला. दरवर्षी तुझं हेच, म्हणाला. मी म्हटलं, माणसाचा हात चुकू शकतो. त्यावर त्याने टॉवेल घेतला आणि मला समजावणीच्या सुरात सांगितलं की अडकलेल्या माणसाने झटापट करायची नसते, त्यानेच इजा होते. स्वस्थ बसायचं, घंटा वाजवायची, कुणीतरी येतंच. मी म्हटलं, घंटाच वाजवतेय मी. तो हसला आणि माझ्या गालाला ओला हात लावून टीव्हीसमोर जाऊन बसला. मी स्वयंपाकघरात उभी राहिले. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं. बोलले तर म्हाताऱ्याचं उरलंसुरलं राज्य मी माझ्या तोंडाने खालसा करणार. उद्यापासून त्यांना कुणी सुरी देणार नाही, रस्ता ओलांडू देणार नाही, त्यांच्या ताटातले काटे कुणीतरी काढून देणार. न बोलले तर माझी लेक रविवारी काय खाणार ते देवालाच ठाऊक. लिफ्टमध्ये निदान भिंतींना हात लागतो.

म्हणून शनिवारी मी त्यांच्याबरोबर रानात गेले. मी कधी गेले नव्हते. उपाशीने रानात जायचं नाही असं कुणी म्हटलं नव्हतं, पण मला न्यावं असं कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. सासऱ्यांना आनंद झाला. बसमध्ये त्यांनी मला खिडकीची जागा दिली. शेवटच्या स्टॉपपासून पुढे पाण्याची मोठी टाकी आहे, तिच्या कुंपणाला वळसा घातला की रान सुरू होतं. रान म्हणजे तसं बेताचंच, कुत्री फिरवायला येणाऱ्यांनी पायवाटा पाडलेलं, पण आत गेलं की पानांचा थर घोट्यापर्यंत येतो आणि शहराचा आवाज पाण्याखाली गेल्यासारखा होतो. पानं ओली होती, खालून कुजलेली, वरून पिवळी. मला वाटलं होतं की ते चाचपडतील आणि मला सगळं आपोआप कळेल, काय ते ठरवता येईल. त्यांनी एकदाही जमिनीकडे पाहिलं नाही. झाडाला हात लावायचे, सालीवरून तळवा फिरवायचे, ओळख पटली की गुडघे टेकून पानांखाली हात घालायचे, आणि हात बाहेर यायचा तो अळंबी घेऊनच. देठ बोटांत फिरवायचे, नाकाशी न्यायचे, सुरीने माती खरवडायचे आणि टोपलीत. रान त्यांना पाठ होतं. हेच मला घाबरवत होतं. एके ठिकाणी ते गुडघ्यांवर बसले आणि बराच वेळ पानं उलथत राहिले; तिथे झाड नव्हतं, कुणीतरी कापून नेलं होतं, ताजा बुंधा तेवढा उरला होता, त्यांच्या हातापासून वीतभर अंतरावर. "इथली मंडळी उठली वाटतं," ते म्हणाले आणि झब्ब्याला हात पुसून उठले.

मी मला शिकवा म्हटलं. ते म्हणाले, उपाशीने शिकायचं नसतं, शिकलं की हात शिवशिवतो आणि मग जीभ. पण एक अळंबी त्यांनी माझ्या नाकाशी धरली. मी इतकी वर्षं मनात जे काही रांधून ठेवलं होतं त्यातलं एकही त्यात नव्हतं. पावसाने भिजलेल्या लोकरीसारखा काहीतरी वास होता, त्याच्या मागे कापलेल्या फळासारखा गोडवा, आणि त्याच्याही मागे काहीतरी उग्र, जनावराच्या अंगासारखं. माझ्या तोंडाला पाणी सुटलं आणि मला लाज वाटली. मग मी स्वतः वाकून एक उचलली. नजर माझी धंद्याची आहे, रंगातला फरक मला कळतो. तिच्या टोपीवर हिरवट झाक होती की माझ्या भीतीची सावली, ते मात्र मला ठरवता येईना. "बाबा, ही घरची की पाहुणी?" त्यांनी ती हातात घेतली. मान वळवली, डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिली, बुडाशी बोट फिरवलं, वास घेतला. मधे एक क्षण गेला, तो मी पाहिला. "घरचीच," ते म्हणाले, "टाक टोपलीत." त्या आवाजात काळजी नव्हती. खिशात आधीच तिकीट असलेला माणूस जसा गर्दीत निवांत उभा असतो तसे ते निवांत होते, आणि त्या निवांतपणाचा मला इतका राग आला की परतताना बसमध्ये मी एक शब्द बोलले नाही. टोपली त्यांच्या मांडीवर होती. वरती ओलं फडकं. ती अळंबी त्यात कुठे होती ते मला आता सांगता आलं नसतं.

रविवारी सकाळी मी एकटीच लवकर निघाले, वाटेत पावासाठी रांगेत थांबून दिरांकडे गेले; लेकीला नवरा नंतर आणणार होता. मी ठरवलं होतं. बोलायचं नाही, पण भांडं पाडायचं. चुलीवरून उतरवताना मदतीला जायचं आणि हात निसटू द्यायचा. माझा वेंधळेपणा घरात प्रसिद्ध आहे, एक वेंधळेपणा आणखी. लोण्याने भाजलं तर भाजू दे. उपाशीने स्वयंपाकघरात पाऊल ठेवायचं नाही, हा नियम जाऊबाईंनी अलीकडे फार कडक केला होता, वास लागला तरी मोह होतो म्हणून. पूर्वी तो इतका कडक नव्हता. मी चपला दाराशी काढल्या आणि सरळ आत गेले. नवरा माझ्या आधीच तिथे पोचला होता. मला वाटलं होतं तो लेकीचे केस विंचरत घरी असेल. तो मोठ्या काळ्या कचऱ्याच्या पिशवीचं तोंड धरून उभा होता आणि दीर तिच्यात टोपली उपडी करत होते. रानाचा वास पूर्ण स्वयंपाकघरात भरला होता. ओट्यावर बाजारातल्या अळंब्यांची पाकिटं रांगेने उघडलेली होती, पांढऱ्याफटक, सगळ्या एका मापाच्या, आणि जाऊबाई त्या चहाच्या पाण्यात बुडवून काढत होत्या, रंग यावा म्हणून.

पाण्यातून काढलेली एक अळंबी जाऊबाईंच्या हातातून थेंब थेंब गळत राहिली. मग नवऱ्याने पिशवीला गाठ मारली आणि म्हणाला, लेक खाली दादाच्या पोरांबरोबर खेळतेय, काळजी करू नकोस. जणू माझा प्रश्न तोच होता. त्यांनी जे सांगितलं ते थोडक्यात असं: काही वर्षांपूर्वी जाऊबाईंना टोपलीत पाहुणी सापडली. एक नाही, चांगल्या चारपाच. बाबा चहा कपाच्या बाहेर ओतायला लागले होते तेव्हाच दिरांना शंका आली होती. त्यांचं रान बंद करायचा धीर कुणाला झाला नाही; आई गेल्यावर त्यांच्याकडे दुसरं होतं काय? तेव्हापासून शनिवारची टोपली रविवारी सकाळी कचऱ्यात जाते. झाकली मूठ सव्वा लाखाची, दीर म्हणाले. बाबांना कळत नाही, मिरी आणि लोणी जरा जास्त घातलं की कळत नाही.

"आणि मला का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

दीर पाकिटं गोळा करायला लागले. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं नाही. शेवटी जाऊबाईच बोलल्या, आणि त्यांनी ते वाईट बुद्धीने म्हटलं नाही हेच अधिक वाईट होतं. "तुझा चेहरा सगळं बोलतो गं. आणि तू तर खातच नाहीस, तुला काय फरक पडणार होता? उलट तू घाबरून बसतेस ना, म्हणून बाबांना खरं वाटतं."

मी ओट्याला टेकले. मला ते फोन आठवले. जिवंत आहे, अजून जिवंत आहे. तो फोन करून हसायचा तेव्हा त्याला ठाऊक होतं की त्याच्या पोटात लोण्यात परतलेला बाजार आहे, आणि मी इकडे त्याच्या आवाजात कळ शोधत होते. रात्री त्याचा श्वास ऐकत पडायचे. माझी भीती ही त्यांच्या स्वयंपाकातली एक वस्तू होती, मिरीसारखी, चवीपुरती. राग आला, आणि रागाच्या खालून सुटका, लेक वाचली, माझी लेक वाचली, आणि त्या सुटकेनेच रागाचा कणा मोडला. कारण लेक सुरक्षित आहे हे कळल्यावर भांडायला माझ्याकडे काय उरलं? फक्त मी. आणि फक्त माझ्यासाठी या घरात मी कधी भांडले नव्हते, त्याची रीत मला माहीत नव्हती. कचऱ्याची पिशवी दाराशी ठेवली होती. तिच्यातून तो ओल्या लोकरीचा वास अजून येत होता. आता रानातल्या अळंब्या कधीच कुणी खाणार नाही, हे मला तेव्हा उमगलं. मी कधीच खाणार नाही. जे मी चाखलं नाही ते मी गमावलं, असं वाटून मला रडू आलं, आणि जाऊबाई माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, जा, तोंड धू, बाबा उठतील आता.

टेबलावर सगळे बसले. लेकीला सासऱ्यांच्या शेजारची जागा मिळाली, पहिल्या घासाचा मान म्हणून. तिने केसांना दोन रिबिनी लावल्या होत्या. भांडं आलं, लोणी चरचरत होतं, आणि चहाने रंग खरंच बेमालूम आला होता. दीर मोठ्याने बोलत होते, या वर्षी टोपली जड होती, पाऊस चांगला झाला, वगैरे. सासऱ्यांनी नेहमीसारखी मान हलवली. मी माझ्या पावाच्या ताटाकडे बघत बसले होते. एवढं एक ताट त्या टेबलावर खरं होतं, त्यात पाव होता आणि पावच म्हणून वाढला होता. आणि तेव्हा सासरे म्हणाले, "आज हिलाही वाढा."

जाऊबाईंचा चमचा थांबला. दीर हसले आणि म्हणाले, अहो बाबा, मग उपाशी कोण राहणार?

"मी," सासरे म्हणाले. "पुष्कळ खाल्ल्या मी. आता तिला खाऊ दे."

त्यांनी आपलं ताट माझ्याकडे सरकवलं. बोलताना त्यांचं तोंड माझ्या कानाच्या बाजूला होतं, म्हणजे ते माझ्याकडे बघत होते. त्या क्षणी मला सगळं समजलं. ज्या माणसाला सालीवरून हात फिरवून झाड ओळखता येतं, त्याला लोण्यात बुडवला म्हणून बाजार ओळखता येणार नाही? त्यांना पहिल्या वर्षीच, पहिल्या घासालाच कळलं होतं. पोरांनी आपल्यासाठी एवढा खटाटोप केला, तो वाया जाऊ नये म्हणून ते दरवर्षी रानात गेले, टोपली भरली, आणि रविवारी त्या पांढऱ्या, बेचव गोष्टी मिटक्या मारत खाल्ल्या. पोरांचा हिरमोड होईल. शब्द अगदी बरोबर होता, मीच तो नीट ऐकला नव्हता. रानातला तो निवांतपणाही त्यामुळेच. पाहुणी असो की घरची, जायची कचऱ्यातच. आणि आता त्यांना कंटाळा आला होता, किंवा माझा सकाळचा चेहरा त्यांनी डोळ्यांच्या कडेने पाहिला होता. त्यांनी मला आपली जागा दिली आणि माझी घेतली. ते आता निमूट पाव खाणार, आणि कुणाला काही खोटं सांगायची त्यांच्यावर पाळी येणार नाही. माझी एकच जागा होती या घरात, ती त्यांनी किती हळुवारपणे काढून घेतली. नको म्हणावं तर त्यांच्या मुलांना कळेल की बाबांनाही सगळं कळलंय. हो म्हणावं तर मी घरची झाले. नवरा माझ्याकडे बघत होता. सकाळपासून पहिल्यांदा बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांत नुसती विनंती होती.

मी घास घेतला. लोणी, मीठ, मिरी, कांदा. मधे काहीतरी मऊ, ओलं, दातांखाली सहज दबणारं, ज्याला स्वतःचं म्हणून काही म्हणायचं नव्हतं. मी चावत राहिले. सगळे थांबले होते. सासरे पावाचा तुकडा मोडत होते आणि त्यांचे कान माझ्याकडे होते. दिरांनी विचारलं, कशी वाटली? मी म्हणाले, छान. मग तेवढं पुरेसं वाटेना म्हणून म्हणाले, रानाची चव आहे. दिरांनी श्वास सोडला, जाऊबाईंनी सगळ्यांना वाढायला घेतलं, नवरा उगीचच हसला. सासऱ्यांनी मान डोलावली, कुणी नवखा गायला बसावा आणि पहिला सूर बरा लागावा, तशी.

आणि लेक, जिने एव्हाना दोन घास खाल्ले होते, भुवया आक्रसून म्हणाली, "पण आई, ही तर आपण पिझ्झावर घालतो तश्शीच लागतेय."

दिरांच्या पोरांनी माना खाली घातल्या, म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं. मी माझ्या मुलीकडे पाहिलं. ती काही चुकीचं बोलली नव्हती. तिला बरोबर दिसत होतं, आणि तिने दिसलं ते वाचलं होतं. तिचा हात धरून मी तिथून उठले असते तर कुणी अडवलं नसतं, दार चार पावलांवर होतं. "तुला नाही कळत अजून," मी म्हणाले, आणि माझा आवाज मलाच कुणा दुसऱ्या बाईचा वाटला. "नीट चावून खा. मग लागते."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने आजोबांकडे पाहिलं, स्वतःच्या बाबांकडे पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं. हुशार पोर आहे, वर्गात सगळ्यात आधी तिचं उत्तर येतं. तिने आणखी एक तुकडा तोंडात घातला, डोळे मिटून बराच वेळ चावला, गिळला, आणि आजोबांच्या दंडाला हात लावून म्हणाली, "हो. आता लागली."